कुलकर्णी, पण कुठले?

कुलकर्णी आडनावाच्या माणसाने आडनावावरून पूर्वज शोधायला घेतले की लोक हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. गाव तिथे कुलकर्णी. गावच्या वसुलीचा हिशेब लिहील तो कुलकर्णी. गोत्र, घराणं, शाखा काहीही असो. १९५० च्या कायद्याने वतन गेलं, आडनाव तेवढं राहिलं. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्येही कुलकर्णीच राहतात. त्यांचं-आमचं नातं एवढंच, की कुरिअरवाला त्यांची पार्सलं आमच्याकडे टाकून जातो.

नाशिककराने असा शोध रामकुंडावर सुरू करायचा असतो. तीर्थोपाध्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या असतात. कोण कधी आलं, कुणाच्या अस्थी घेऊन आलं, बरोबर कोण होतं, सगळं त्यात. मी मोठ्या तोऱ्यात आडनाव सांगितलं. गुरुजींनी ते कानावरही घेतलं नाही. "मूळ गाव कुठलं?" मी निफाडकडचं गोदाकाठचं एक गाव सांगितलं (इथे नाव लिहीत नाही, तिथले कुलकर्णी वाचायचे). "तो भाग आमच्याकडे नाही, पलीकडे विचारा." यजमान गावांप्रमाणे वाटलेले असतात, हे मला या वयात कळलं. अजून दोन दारं झाल्यावर आमचं गाव सापडलं.

चोपड्या लांबट, कापडात बांधलेल्या, जुनी पानं मोडीत. मी एकेका अक्षराशी झटत होतो, तर गुरुजी वाण्याची यादी वाचावी तसे भराभर पुढे. तारखा शकातल्या. त्यात ७८ मिळवायचे. नोंद पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर बहुधा ७९. खापरपणजोबांच्या अस्थींची नोंद निघाली शके १८२९ ची, म्हणजे १९०७. बापाचं नाव जुळलं, आज्याचं जुळलं. पण अस्थी घेऊन आलेल्या मुलाचं नाव आमच्या घरात कुणी कधी घेतलेलं नव्हतं, आणि त्याने सही करताना कुलकर्णी न लिहिता गावाला 'कर' जोडून टाकला होता.

हा कोण?

घरच्या वंशावळीत नव्हता. ती वंशावळ म्हणजे नुसती पुरुषांची रांग, तीही निवडक. बायकांचा तर प्रश्नच नाही. आजी येवल्याची एवढं माहीत आहे. लग्नात तिचं नाव बदललं आणि जुनं नाव सांगू शकणारं आता कुणी उरलेलं नाही.

मग जुनी वर्तमानपत्रं. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, त्यामुळे नाशकात जुन्या कागदांची हौस नवी नाही. पण वर्तमानपत्राला सूची नसते. एक नाव शोधायचं तर सगळं गाव वाचावं लागतं: औषधांच्या जाहिराती, प्लेगच्या बातम्या, लिलाव. जुन्या अंकांत प्रत्येक नाशिककर आधी एकच तारीख काढून बघतो, २१ डिसेंबर १९०९. त्या रात्री विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. गावातल्या प्रत्येक जुन्या घरातला एक तरी पणजोबा त्या रात्री तिथे हजर होता असं सांगतात. एवढी मंडळी बसवायची तर थिएटर पंचवटीपर्यंत वाढवावं लागलं असतं. आमचे पणजोबाही होते म्हणे. छापून मात्र काही आलेलं नाही.

छापून आलं होतं ते दुसरंच, आणि त्याच्या काही वर्षं आधीचं. एका जुन्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर, तपकिरीच्या जाहिरातीखाली, खापरपणजोबांची जाहीर नोटीस. धाकटा मुलगा आपल्या कह्यात नाही, त्याच्याशी कुणी देवघेव केल्यास आपण जबाबदार नाही. खाली गाव, तालुका आणि मुलाचं नाव. नामावळीतलंच.

बापाने पैसे मोजून ज्याला घराबाहेर काढल्याचं छापलं, तोच बापाच्या अस्थी घेऊन आला. थोरले पणजोबा तेव्हा कुठे होते? थिएटरात तर नक्कीच नव्हते. तिथल्या प्रसंगाला अजून दोन वर्षं होती.

काकांना फोन केला. ते आधी गप्प, मग म्हणाले, "नाटक कंपनीबरोबर गेला असेल." थोड्या वेळाने त्यांचाच फोन, "कर्ज असणार रे." घरात कुणाला काही माहीत नव्हतं म्हणावं, तर दोन कारणं इतकी हाताशी कशी, हे मी विचारलं नाही. चुलतभाऊ कॉम्प्युटरवर वंशवृक्ष करतोय, त्यात धाकट्यांचा चौकोन वाढवायचं ठरलं. नोटिशीचं काय करायचं यावर मात्र अजून एकमत नाही. काकांचं म्हणणं, "'व्यवसायानिमित्त स्थलांतर' असं लिहा." मी नोटिशीचा फोटोच त्या चौकोनाला जोडलाय. आता त्या 'कर' मंडळींपैकी कुणी सापडलं, तर त्यांच्या घरी हीच गोष्ट कशी सांगतात ते ऐकायचंय.