तुम्ही विचारलंत म्हणून: भाडेकरू गेल्यावर घराला किती खर्च धरायचा?

रत्नागिरीत फ्लॅट घेऊन ठेवलेले आणि स्वतः मुंबईत राहणारे चाकरमानी हमखास विचारतात, एक भाडेकरू गेला, दुसरा यायचाय, मधल्या डागडुजीला किती पैसे धरायचे?

मी भाड्याचा दहावा हिस्सा धरतो. आठ हजार भाडं असेल तर महिन्याला आठशे बाजूला. अकरा महिन्यांत आठ हजार आठशे जमतात, त्यात नळ, दिव्यांची बटणं, एखाद्या खोलीचा रंग एवढं भागतं. पण आधी सांगा, घर रिकामं होणार कोणत्या महिन्यात?

अकरा महिन्यांचा करार दरवेळी महिनाभर मागे सरकतो. १ नोव्हेंबरला दिलेलं घर ३० सप्टेंबरला सुटतं, पुढचा करार ऑगस्टअखेर संपतो, त्यापुढचा जुलैअखेर. म्हणजे ऐन पावसात. आणि गणपतीच्या तोंडावर तर रंगारी फोनसुद्धा उचलत नाही, सगळ्या गावाला तेव्हाच भिंती रंगवायच्या असतात. करार कितीही महिन्यांचा असो, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदवावाच लागतो. मग अकराचाच हट्ट कशाला? मी मुदत अशी लिहितो की घर जानेवारी-फेब्रुवारीत सुटेल. तोवर भिंती वाळलेल्या असतात.

ओल्या भिंतीवर पुट्टी मारणं म्हणजे पैसे समुद्रात टाकणं. पश्चिमेच्या भिंतीवर झड बसते, आत पोपडे धरतात, खाली पांढरी खारी सुटते. त्या भिंतीला वीतभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून दिवसभर ठेवा. आतून पाणी धरलं तर रंगाचा डबा उघडू नका. आधी बाहेरची भेग, गच्चीची गळती, पाइपचा सांधा बघा. पहिले पैसे तिथे. खिडकीचं ग्रिल घासलं की त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारून घ्या. खाऱ्या हवेत घासलेलं लोखंड उघडं ठेवू नये.

रिकामा महिना लोक खर्चात धरतच नाहीत. भिंत वाळायची वाट बघत घर दोन महिने बंद राहिलं तर सोळा हजार गेले, जमवलेल्या पैशांच्या जवळजवळ दुप्पट.

आणि हो, बिलं कर वाचवायला जपून ठेवत असाल तर त्याचा उपयोग नाही. भरलेली घरपट्टी वजा जाता जे भाडं उरतं त्यावर ३० टक्के वजावट सरसकट मिळते, तुम्ही रंगाला रुपया घाला नाहीतर लाख. डिपॉझिटमधून काही कापायचं असेल तर मात्र बिलं हवीत, शिवाय घर देताना काढलेले फोटोही.

मॉड्युलर किचनबद्दलही विचारतात. भाड्याच्या घरात मी कडप्प्याचा ओटा आणि ॲल्युमिनियमची दारं यापलीकडे जात नाही. प्लायवूड इथल्या दमट हवेत फुगतं, आणि त्यापायी भाडेकरू काही हजार रुपये जास्त देत नाही.