मामाची पांढरी बोटं

मामा आमच्या कोल्हापूरजवळच्या दगडखाणीत वीस वर्षं ब्रेकर, म्हणजे हातात धरून दगड फोडायचं मशीन, चालवत होता, थंडीत सकाळी त्याची बोटं पांढरीफट पडायची, मुंग्या यायच्या, आम्हाला वाटायचं थंडीच असेल. मग वाचायला लागलो आणि कळलं की याचा अभ्यास 1918 मध्येच झालाय, अमेरिकेत इंडियानात डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी चुनखडी फोडणारे कामगार तपासले, दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या हातोड्याचं कंपन आणि वर थंडी, म्हणून बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात. आपल्याकडं थंडी ती किती, पण स्वीडनमध्ये आर्क्टिक वर्तुळाच्या वर ऐतिकची उघडी तांब्याची खाण आहे, तसल्या ठिकाणी काय होत असेल बघा! हात गार पडला की माणूस मशीन अजून घट्ट धरतो आणि कंपन आणखी आत जातं. डंपरवाल्यांची कंबर धक्क्यांनी जाते ती वेगळीच. शिवाय हिवाळ्यात खड्ड्यात गार हवा तळाला अडकली की डिझेलचा धूर वर जातच नाही.

युरोपात हातातल्या कंपनाला 8 तासांच्या सरासरीनं 5 मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी मर्यादा आहे. मामाचं मशीन कुणी कधी मोजलंच नाही, याचा मला खरंच राग येतो. आता त्याला शर्टाचं बटण मामी लावून देते.