हिवाळ्यातच मे महिना तयार करा: ठाण्या-नवी मुंबईतला लिक्विड कूल्ड पीसी

जानेवारीच्या पहाटे घोडबंदर रोडवरच्या घरात खोलीचं तापमान २४ अंश असेल, तर मे महिन्याच्या दुपारी एसी बंद असताना त्याच खोलीत ३४ असतात. लिक्विड कूलिंगचा, म्हणजे पीसीचे तापणारे भाग पाणी फिरवून थंड ठेवण्याचा, सगळा हिशोब या दहा अंशांचा आहे. रेडिएटर पाण्यातली उष्णता खोलीतल्या हवेला देतो, त्यामुळे पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. बऱ्यापैकी जमलेल्या लूपमध्ये, म्हणजे पंप, पाइप, रेडिएटर आणि चिपवर बसणारा धातूचा ब्लॉक यांच्या बंद चक्रात, पूर्ण लोडवर पाणी खोलीपेक्षा १० ते १२ अंश गरम राहतं. म्हणजे जानेवारीत ३५ आणि मे महिन्यात ४५. प्रोसेसरचं तापमानही जवळपास तेवढंच वर सरकतं. चिप तापली की तोच वेग टिकवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून थंडीत टेस्ट पास झालेलं ओव्हरक्लॉक (चिपचा कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वाढवलेला वेग) उन्हाळ्यात गेम चालू असताना कोसळतं.

पाणी खोलीपेक्षाही थंड करण्यासाठी चिलर (फ्रिजसारखं यंत्र) लावायचा विचार असेल तर सोडून द्या. पावसाळ्यात आपल्याकडे दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, त्याहून थंड वस्तूवर हवेतलं बाष्प पाणी होऊन जमतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तसाच तो पाइपांना आणि ब्लॉकला फुटेल, आणि खाली मदरबोर्ड आहे.

रेडिएटरचा ढोबळ नियम म्हणजे १०० वॅट उष्णतेला १२० मिमी लांबी. रायझन ७ ९८००एक्स३डी हा प्रोसेसर आणि ३०० वॅटचं ग्राफिक्स कार्ड एकाच लूपमध्ये घ्यायचं तर दोन ३६० मिमीचे रेडिएटर हवेत. फक्त प्रोसेसरसाठी ३६०चा तयार एआयओ (कारखान्यातूनच भरून, बंद करून आलेला लूप) भरपूर झाला, आणि बहुतेकांनी तोच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो कॅबिनेटच्या छताला लावा. पुढे लावलात तर पाइप खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे आतली हवा पंपात न जाता रेडिएटरच्या वरच्या टोकाला साठते. प्रोसेसरला टेकणाऱ्या कोल्ड प्लेटवरचं पातळ प्लास्टिक काढायला विसरलात, तर कितीही महाग कूलर असला तरी प्रोसेसर काही सेकंदांत ९५ अंशांना टेकतो.

कस्टम लूप, म्हणजे सुटे भाग घेऊन स्वतः जोडलेला, करणार असाल तर ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक एकत्र आणू नका, धातू गंजतो. नळाचं किंवा आरओचं पाणी नको, तयार कूलंट घ्या. भरताना एसएमपीएसची (पीसीच्या वीजपुरवठ्याच्या डब्याची) २४ पिनची केबल मदरबोर्डला न जोडता तो जंपरने, म्हणजे केबलच्या पिना जोडणाऱ्या छोट्या प्लगने, सुरू करायचा आणि वीज फक्त पंपाला द्यायची. टाकीतलं पाणी खाली गेलं की लगेच बंद करा, भरा, पुन्हा सुरू करा. कोरडा चाललेला पंप बेअरिंग खातो. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून २४ तास नुसता पंप चालवा. गळती बहुधा ओ-रिंग फिटिंगमध्ये चिमटल्यामुळे होते, म्हणून फिटिंग हातानेच आवळा, पाना नको.

पीसी जोडून पहिल्यांदा सुरू केला की डीडीआर५ रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी जुळवून घेण्याची तपासणी, होईपर्यंत स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. घाबरून वीज बंद करू नका.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) आधी एक्स्पो चालू करा, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालते. ६००० वेगाच्या रॅमला एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं) १.२० ते १.२५ पुरतं, १.३०च्या वर कधीच जाऊ नका. मग पीबीओ, म्हणजे एएमडीची प्रोसेसरला जास्त वीज घेऊ देणारी सेटिंग, आणि व्होल्टेज कमी करणारा कर्व्ह ऑप्टिमायझर सगळ्या कोरना उणे १५. टिकलं तर पाच-पाचने खाली जा. बूस्टमध्ये, म्हणजे कमाल वेगात, २०० मेगाहर्ट्झची वाढ शेवटी द्या. उणे आकडा फार झाला की पीसी पूर्ण लोडवर तग धरतो आणि डेस्कटॉपवर नुसता बसलेला असताना रीस्टार्ट होतो, कारण हलक्या कामात एकेक कोर सर्वाधिक वेगाला जातो. म्हणून कोरसायकलर या प्रोग्रामने एकेक कोर तपासा आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएच्या (हार्डवेअरच्या) चुका शोधा. एक जरी दिसली तरी त्या कोरचा आकडा पाचने मागे घ्या.

आता मुख्य काम. कूलंटचा सेन्सर बघत रेडिएटरच्या पंख्यांचा वेग कमी करत जा, पूर्ण लोडवर पाणी मे महिन्यासारखं ४५ अंशांवर स्थिरावेपर्यंत. लूपमधलं पाणी सावकाश तापतं, त्याला २० ते ३० मिनिटं लागतात, त्यामुळे दहा मिनिटांची टेस्ट काहीच सांगत नाही. या अवस्थेत तासभर ओसीसीटी हा पूर्ण लोड देणारा टेस्ट प्रोग्राम चालवा. रॅमचीही परीक्षा याच वेळी घ्या, कारण गरम झालेली डीडीआर५ घट्ट (कमी वेळ देणाऱ्या) टायमिंगवर चुका करू लागते. ग्राफिक्स कार्डच्या मेमरीचा वेग वाढवताना फ्रेम रेट लिहून ठेवा. वेग वाढवूनही फ्रेम कमी झाल्या, तर कार्ड चुका दुरुस्त करण्यात वेळ घालवतंय.

एसीच्या भरवशावर राहणाऱ्यांसाठी एक आकडा: एसीचा १ टन म्हणजे खोलीतून सुमारे ३५०० वॅट उष्णता काढण्याची क्षमता. ५०० वॅटचा पीसी त्याचा सातवा हिस्सा एकटा खातो.

बांधकामांची धूळ रेडिएटरच्या पात्यांमध्ये गच्च बसते, म्हणून दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारा, पंख्याची पाती बोटाने धरून. कस्टम लूपचं कूलंट वर्षातून एकदा, गुढीपाडव्याच्या सुमारास बदला, आणि काढलेलं पाणी पांढऱ्या वाटीत ओतून बघा. गढूळपणा किंवा तंतू दिसले तर ब्लॉक उघडून त्यातल्या बारीक खाचा मऊ टूथब्रशने साफ केल्याशिवाय नवं भरू नका.