तुर्कस्तानची सांस्कृतिक केंद्रं नेमकं करतात काय?

तुर्की शिकायची इच्छा असलेले लोक हमखास विचारतात: तुर्कस्तान सरकारच्या सांस्कृतिक केंद्रांत खरंच भाषा शिकवतात, की कॉफी पाजून आणि दर्वेशांची (सूफी साधकांची) गिरकी दाखवून घरी पाठवतात? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिकवतात, आणि नेटानं शिकवतात. या केंद्रांमागे युनुस एमरे संस्था आहे. तिचा कायदा 2007 चा, मुख्यालय अंकारात, आणि परदेशातलं पहिलं केंद्र 2009 मध्ये बोस्नियाची राजधानी सारायेव्होत उघडलं. नाव फार विचारानं निवडलंय. युनुस एमरे हा तेराव्या-चौदाव्या शतकातला कवी. साहित्याची प्रतिष्ठा फारसीला होती, तेव्हा त्यानं साध्या बोलीतल्या तुर्कीत भक्तीची पदं रचली. इकडे ज्ञानेश्वर मराठीत लिहीत होते तो हाच काळ.

अर्ज करताना लोकांचा घोटाळा होतो तो संस्थांमध्ये. मोठ्यांचे भाषावर्ग आणि संस्कृतीचे कार्यक्रम युनुस एमरेकडे. परदेशातल्या शाळा चालवायला 2016 पासून मारिफ फाउंडेशन आहे. ‘तिका’ ही विकास-मदतीची संस्था, ती 1992 पासूनची. शिष्यवृत्तीचा अर्ज यांपैकी कुणाकडेच जात नाही; ती योजना वेगळी, ‘तुर्किये बुर्सलारी’ नावाची.

केंद्राचं खरं बळ तीन गोष्टींत आहे: पाठ्यपुस्तक, शिक्षक आणि परीक्षा. ‘येदी इक्लिम’ ही पुस्तकमाला ए1 (अगदी सुरुवात) ते सी2 (पूर्ण प्रभुत्व) अशा सहा पायऱ्यांची आहे. परीक्षेत वाचणं, ऐकणं, बोलणं, लिहिणं हे चारही तपासतात आणि बी2 च्या खाली तिचं प्रमाणपत्र मिळत नाही. त्यामुळे ए2 ला थांबणाऱ्याच्या हाती वर्ग पूर्ण केल्याचा कागद राहतो, तुर्की माध्यमाच्या विद्यापीठात त्याचा उपयोग नाही. टीव्हीवरच्या तुर्की मालिका पाहून आलेली मंडळी गळतात ती साधारण इथेच.

आणि हे मला फार सांगावंसं वाटतं: मराठी माणसानं तिथे गळायचं काही कारण नाही. आपण इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकातून तुर्की शिकतो, म्हणून ती अवघड वाटते. इंग्रजी विद्यार्थ्याला जिथे ठेच लागते, तिथे आपल्याला वाट सरळ आहे. क्रियापद शेवटी येतं. प्रत्यय शब्दाला मागून चिकटतात: एव म्हणजे घर, एवदे घरात, एवदेन घरातून, एवलेरिमिझदेन आमच्या घरांतून. ‘काल आलेला माणूस’ हे ‘द्युन गेलेन आदाम’, शब्दाला शब्द, त्याच क्रमानं. इंग्रजीतून शिकताना इथे अख्खं वाक्य उलटं करावं लागतं. ‘गेल्मिश’ या रूपाचं स्पष्टीकरण व्याकरणात पानभर असतं. आपण ‘आला म्हणे’ म्हणतो, तेच ते: स्वतः पाहिलेलं नाही, कळलं आहे.

आपल्याला घाम फोडतात ते स्वर. तुर्कीत आठ आहेत आणि त्यातले तीन मराठीत नाहीत. पहिल्यासाठी जीभ ‘ई’ला ठेवून ओठ ‘ऊ’चे करा. दुसऱ्यासाठी जीभ ‘ए’ची, ओठ ‘ओ’चे. तिसऱ्यासाठी, म्हणजे टिंब नसलेल्या ‘आय’साठी, जीभ ‘ऊ’सारखी मागे आणि ओठ मात्र पसरलेले. हे पहिल्या आठवड्यात बसवलं नाही, तर पुढे प्रत्ययही चुकतात. कारण प्रत्ययाचा स्वर आधीच्या स्वराकडे पाहून बदलतो: एवदे, पण ओकुल म्हणजे शाळा, तर ओकुलदा.

केंद्रात होणाऱ्या कलेच्या कार्यशाळांना कमी लेखू नका. एब्रू, म्हणजे पाण्यावर रंग तरंगवून कागदावर उतरवायची कला, 2014 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. पाणी दाट करायला कित्रे नावाचा डिंक भिजवून गाळतात. आपण उन्हाळ्यात सरबतात घालतो त्या गोंद कतीऱ्यातला ‘कतीरा’ आणि हा ‘कित्रे’ एकच शब्द. रंगात बैलाचं पित्त थेंबथेंब घालतात. ते कमी पडलं तर रंग पसरत नाही, तळाशी बसतो. जास्त झालं तर शेजारच्या रंगांना ढकलत सुटतो. तासाभरात हे करून पाहिलेला माणूस पुढच्या आठवड्यात भाषावर्गाची चौकशी करतो. भाषेची गोडी लावायला इतकं पुरेसं आहे.

पण भाषा रुजते ती शाळेत. बोस्नियात संस्थेनं स्थानिक शाळांमध्ये तुर्की हा ऐच्छिक विषय म्हणून नेला. केंद्रापर्यंत येणं ज्यांना कधी जमलं नसतं, अशी मुलं त्यामुळे तुर्की शिकली. माझ्या मते संस्थेचं हे सगळ्यात शहाणं काम.

सरकारी पाठबळाची दुसरी बाजूही तुम्हाला माहीत हवी. मे 2025 मध्ये भारत-तुर्कस्तान संबंध बिघडले, तेव्हा जेएनयू, जामिया मिलिया आणि आयआयटी मुंबईनं तुर्की संस्थांबरोबरचे करार स्थगित केले. सरकारांमधल्या मैत्रीवर उभा राहिलेला वर्ग ती मैत्री आटली की डळमळतो. म्हणून आज महाराष्ट्रात बसून सुरुवात करणाऱ्यानं कुणाच्या कराराची वाट पाहू नये. संस्थेचं ऑनलाइन शिकण्याचं पोर्टल मोफत आहे. तिथे ए1 सुरू करा, स्वर मोठ्यानं म्हणा, आणि प्रत्येक नवं वाक्य इंग्रजीत न नेता थेट मराठीत उतरवा.