सागाचे ओंडके नाल्यातून वर काढायचे तर विंच कुठलं घ्यायचं

आमचं शेत चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. खालची काळी जमीन केळीची, आणि नाल्यापलीकडे दीड एकर मुरमाड उतार आहे तिथे बाबांनी १९९६ ला साग लावला होता. आता तो तोडायला आलाय. साग स्वतःच्या शेतातला असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते, मग वाहतुकीचा पास, ते सगळं रीतसर केलं. पण झाड पाडल्यावर ओंडका नाल्यातून वर रस्त्यापर्यंत आणायचा कसा याचा विचार मी आधी केलाच नव्हता, आणि तिथेच पहिल्या वर्षी नुकसान झालं.

पहिल्या वर्षी सरळ जेसीबी बोलावला. दोन दिवसात लाकूड वर आलं, खरंय, पण नोव्हेंबरात नाल्याची कड अजून ओली होती, चाकांनी गुडघाभर चऱ्या पडल्या आणि ज्या बुंध्यांना पुन्हा फुटवे यायचे होते त्यातले बरेच साली निघून खराब झाले. साग बुंध्यापासून पुन्हा फुटतो, म्हणजे पुढचं पीक त्याच मुळांवर उभं राहतं, आणि तेच आपण चाकाखाली घातलं याचं मला खूप वाईट वाटलं. पुढच्या पावसात माती वाहून गेली ती वेगळीच.

म्हणून या वर्षी आधी वजनाचा हिशोब केला. व्यापारी मोजतात तसंच, घेराचा चौथा भाग काढायचा, त्याला त्यानेच गुणायचं आणि मग लांबीने. घेर ४ फूट आणि लांबी १२ फूट असेल तर १२ घनफूट. पण हे व्यापाऱ्याचं माप झालं, खरं लाकूड त्याच्या सव्वा पटीहून थोडं जास्तच भरतं, आणि ओला साग घनफुटाला साधारण २८ किलो धरला तर हा एक ओंडका सव्वाचारशे किलोच्या आसपास जातो. सपाटीवर घासत न्यायला वजनाच्या निम्म्याहून जास्त ओढ लागते, चढ असला की अजून, आणि तोंड एखाद्या बुंध्यात किंवा दगडात अडकलं की ओढ एकदम कितीतरी पट वाढते. माझ्या मते ओंडक्याच्या वजनाच्या निदान दुप्पट ताकदीचं विंच, म्हणजे दोराने जड वस्तू ओढायचं यंत्र, घ्यावं, त्याहून खाली जाऊ नये.

आधी गाडीला लावतात ते १२ व्होल्टचं इलेक्ट्रिक विंच बघितलं कारण ते स्वस्त पडतं, पण फुल लोडला मोठं विंच तीनशे-चारशे अँपिअर खातं, ट्रॅक्टरची बॅटरी त्याला कशी पुरणार? शिवाय मोटर तापते, थोडं ओढलं की थांबून गार होऊ द्यावी लागते. चिखलात अडकलेली गाडी काढायला ते ठीक आहे, दिवसभर लाकूड ओढायला नाही. आणि एक गोष्ट दुकानदार स्वतःहून सांगत नाहीत, विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते, दोर एकावर एक गुंडाळत गेला की ओढ कमी कमी होत जाते.

मग हाताचं वायर रोपचं विंच, दांडा पुढे-मागे करायचं, ज्याला आपल्याकडे मंकी विंच नाहीतर टिरफोर म्हणतात. हे मी घेतलंच आणि मला ते मनापासून आवडतं. डिझेल नाही की आवाज नाही, ओंडका आहे तिथेच धरून राहतो, मागे घसरत नाही. पण हळू फार आहे. एका झोक्यात दोर जेमतेम चार बोटं सरकतो, ४० मीटर ओढायचं म्हणजे पाच-सहाशे झोके. त्यात शिअर पिन असते, लोड जास्त झाला की ती तुटते आणि मशीन वाचतं. तिच्या जागी खिळा ठोकून काम चालवणारे मी बघितलेत, तसं अजिबात करू नका.

लांब ओढायला छोटं पेट्रोल इंजिनाचं कॅप्स्टन विंच आम्ही शेजारच्या दोन शेतकऱ्यांबरोबर सामाईक घेतलं. त्यात दोर ड्रमवर साठत नाही, चार वेढे घ्यायचे आणि बाहेर येणारं टोक हाताने ताणून धरायचं, त्यामुळे ओढ शेवटपर्यंत सारखी राहते आणि दोर पाहिजे तेवढा लांब लावता येतो. ते एका माणसाला उचलून नाल्यात नेता येतं, हाच मोठा फायदा.

खरी करामत मात्र कप्पीची आहे. ओंडक्याला कप्पी लावून दोराचं टोक परत झाडाला बांधलं की ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा. कप्पी झाडाला लावून दिशा वळवायची असेल तर त्या झाडावर दोराच्या दुपटीपर्यंत ताण येऊ शकतो, म्हणून झाड जाड निवडायचं, पट्टा बुंध्याशी खाली बांधायचा आणि तोही रुंद चपटा, वायर रोप सरळ गुंडाळला तर साल कापली जाते. ओंडक्याचं तोंड कुऱ्हाडीने होडीसारखं गोल केलं की तो दगडात कमी अडकतो, दहा मिनिटांचं काम आहे पण दिवसाचा एक तास वाचतो.

मिनी ट्रॅक्टर फक्त वरच्या सपाटीवर वापरतो. केळीच्या बागेत चालतो तोच, २४ एचपीचा. साखळी कायम खाली ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या ओढायच्या पट्टीलाच लावायची, वरच्या लिंकला कधीच नाही, नाहीतर ओंडका अडकला की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. पीटीओवरचं, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाने फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर चालणारं विंच चांगलंच असतं पण एवढ्या हलक्या ट्रॅक्टरला मला ते जोखमीचं वाटलं.

शेजारचे नाना पूर्वी बैलजोडीने लाकूड ओढायचे. पहिल्या दिवशी मी ताणलेल्या दोरावरून पाय टाकून पलीकडे गेलो तर ते ओरडलेच, "भो, दोर तुटना ते पाय जाई!" म्हणजे दोर तुटला तर पाय जाईल. तेव्हापासून विंच चालू असताना दोराच्या रेषेत आणि वळणाच्या आतल्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही असं ठरवलंय, मजुरांना पण आणि मुलांना तर वरच्या बांधावरच बसवतो. वायर रोपचा एक जरी धागा तुटून वर आलेला दिसला तर आधी तेवढा तुकडा नीट तपासतो, मगच पुढचं काम.

३१ ओंडके वर आलेत, नऊ अजून नाल्याच्या पलीकडे आहेत. त्यातले दोन पाच फूट घेराचे आहेत, ते मधे कापून दोन भागात आणायचे का दोन कप्प्या लावून आख्खेच, यावर माझं आणि नानांचं अजून एकमत झालेलं नाही. लांब लाकडाला भाव चांगला मिळतो म्हणून मला आख्खेच आणायचेत.