बाजू लावून धरणे

नगरमध्ये अनोळखी ख्रिस्ती माणूस भेटला की तिसरा प्रश्न ठरलेला असतो. पहिला नावाचा, दुसरा गावाचा आणि तिसरा, "कुठल्या चर्चचे?" उत्तर ऐकून समोरचा "हां हां" म्हणतो. त्या "हां हां"मध्ये तुमची सगळी कुंडली आलेली असते. तुम्ही बाप्तिस्म्याला डोक्यावर पाणी शिंपडणारे की नदीत बुडवणारे, पेटीवर सावकाश गाणारे की ड्रमसेटवर टाळ्या पिटणारे, भेटल्यावर "सलाम" म्हणणारे की "प्रेज द लॉर्ड" म्हणणारे, आणि देवाला रविवारी भेटता की शनिवारी.

आमच्या घरात असाच प्रश्न एप्रिलपासून क्रिकेटचा असतो. मुलगा मुंबईचा. भाची राहते पुण्यात, पण चेन्नईची. 2018 साली चेन्नईचे घरचे सामने गहुंज्याला हलवले, तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून तिने एक सामना पाहिला आणि पिवळी झाली ती झालीच. दोघं एका सोफ्यावर बसत नाहीत. धोनीचं नाव काढलं की चहाचे कप आत न्यावे लागतात.

तीच दोघं 19 नोव्हेंबर 2023 ला, रविवारी, एकाच चादरीत पाय घालून टीव्हीसमोर बसली होती. त्या दिवशी भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषकाचा अंतिम सामना दोन वाजता होता, तरी सकाळची उपासना कधी नव्हे ती वेळेत सुटली. सूचना तर एकाही सेक्रेटरीने दोनदा वाचल्या नाहीत. पलीकडच्या गल्लीतल्या पेंटेकॉस्टल मंडळीची दुपारची प्रार्थनासभा "काही कारणास्तव" पुढे गेली. कारण कुणी विचारलं नाही. पुढे ट्रॅव्हिस हेडने 137 काढले आणि रात्री सगळ्या गल्ल्या सारख्याच गप्प झाल्या. प्रार्थना दोन्हीकडून गेल्या असणार, हा विचार मला उशिरा सुचला. ऑस्ट्रेलियातही चर्च आहेतच की.

पुढच्या रविवारी पाळकांनी हाच दाखला घेतला. मुंबईवाला आणि चेन्नईवाला भारताचा सामना असला की एका सुरात ओरडतात, मग आपण मंडळ्यामंडळ्यांनी का नाही? दाखला मला आवडला, मान डोलावली. दुपारी जेवल्यावर मात्र तो टोचायला लागला. निळे शर्ट एकत्र आले, कारण समोर पिवळे होते. उद्या समोर कुणीच नसेल तर? मंडळ्यांची एकी व्हायला कुणीतरी विरुद्ध बाजूला उभं करावंच लागत असेल, तर तसली एकी सोपी असते. आणि मला ती जरा भीतीदायकही वाटते.

या बाबतीत बायबलमधला प्रेषित पौल हुशार निघाला. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत तट पडले होते, त्यावरून त्याने त्यांना पत्र लिहिलं. कुणी म्हणे मी पौलाचा, कुणी अपुल्लोसाचा, कुणी केफाचा; अगदी आपल्या आयपीएलसारखं. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत, तेव्हा पौलाला दाखला तर दारातच होता. पण त्याच पत्रात त्याने घेतला तो धावणाऱ्याचा, मुठी चालवणाऱ्याचा आणि सुकून जाणाऱ्या पानांच्या मुकुटाचा. ओरडणाऱ्या गर्दीचा नाही घेतला. गर्दी त्याने दंगलीच्या वेळी जवळून पाहिली होती, म्हणूनही असेल.

मला दाखला हवा असेल तर मी सांगलीला जातो.

विजय हजारे सांगलीचे, ख्रिस्ती शाळामास्तरांचा मुलगा. त्या काळी मुंबईत धर्मावर बेतलेले क्रिकेटचे सामने होत. हिंदूंचा संघ, मुसलमानांचा, पारशांचा, युरोपियनांचा. गांधीजींना हे पसंत नव्हतं, आणि त्यांचं बरोबरच होतं. 1937 पासून त्यात पाचवा संघ आला, त्याचं नाव 'द रेस्ट'. सरळ मराठीत उरलेसुरले. भारतीय ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध, ज्यांना कुठेच बसवता येत नव्हतं ते सगळे इथे. ख्रिस्त्यांतले कॅथलिक कोण नि प्रॉटेस्टंट कोण, हे विचारायला बाहेरच्यांना सवड नव्हती. आपले बारीकबारीक भेद जगाला दिसतच नाहीत, हे मला त्या नावातून कळतं.

1943-44 च्या अंतिम सामन्यात ब्रेबॉर्नवर हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला. मर्चंट नाबाद 250. द रेस्ट 133 वर आटोपले आणि फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात विजय हजाऱ्यांनी एकट्याने 309 केले, संघाच्या 387 मधले. हा आकडा क्रिकेटवेड्यांना पाठ असतो. माझं मन अडकतं ते दुसऱ्या टोकाला. तिथे त्यांचा भाऊ विवेक उभा होता. दोघांनी 300 धावांची भागी केली, त्यात विवेकच्या 21. तासन् तास चेंडू अडवायचा, एखादी धाव काढून विजयला समोर आणायचं, पुन्हा बॅट टेकवून उभं राहायचं. याला आपण बाजू लावून धरणे म्हणतो. दुसऱ्या कुठल्या भाषेत याला इतका चांगला शब्द आहे का, मला माहीत नाही. सामना शेवटी डावाने आणि 61 धावांनी गेलाच. विजयच्या नावाने आज देशातल्या राज्यांची स्पर्धा होते. विवेकच्या नावाने, माझ्या माहितीत, काही नाही.

चर्चच्या एकीचे मोठे प्रयत्नही झालेत. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बोलणी 1929 पासून चालली होती आणि ऐन वेळी मेथडिस्टांचा मोठा गट बाहेर राहिलाच. आमची आजी मिरजेकडची, म्हणजे प्रेस्बिटेरियन. आजोबा नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे वेगळ्या चर्चचे. ती म्हणायची, "आमचं लग्न आधी झालं, चर्चचं मागाहून."

नाताळ ते नववर्ष या आठवड्यात आमच्याकडे मंडळ्यांचे टेनिस बॉलचे सामने असतात. आठ षटकं, शाळेचं मैदान, पाठीवर चर्चचं नाव छापलेले शर्ट. सामन्याआधी प्रार्थना, आणि तिथेच पहिला घोळ. आमचा एकजण बोलतो, बाकीचे खाली बघतात. पेंटेकॉस्टल सगळे एकदम मोठ्याने सुरू करतात. कॅथलिक पोरं खुणेचा क्रूस करून मोकळी. "आमेन" मात्र कसं कोण जाणे, एकत्र पडतं.

काही वर्षांपूर्वी अंतिम सामना शनिवारी आला. शाळेने दुसरा दिवस दिला नाही. समोर कॅथलिकांचा संघ, आणि त्यांचा सगळ्यात वेगवान गोलंदाज होता शनिवारवाला. त्याच्या मंडळीत अकरा पोरं भरत नव्हती म्हणून तो यांच्याकडून खेळे. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी सूर्य मावळेपर्यंत त्याचा शब्बाथ. त्याआधी तो चेंडूला हात लावणार नव्हता.

सामना चारचा. नियमाप्रमाणे आम्ही टॉस मागू शकत होतो. पंच आमच्या कॅप्टनकडे बघत होते. कॅप्टन स्टंपाला टेकून म्हणाला, "थांबू. तो नसताना जिंकलो तर ही पोरं वर्षभर ऐकवतील."

मग दोन्ही संघ बाउंड्रीच्या चुन्यावर बसले. घराघरांतून करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे आले. कुणीतरी फादरांसाठी खुर्ची आणली, त्यांनी ती आमच्या पाळकांना दिली, पाळकांनी ती परत केली, आणि शेवटी तिच्यावर थर्मास ठेवला. सहाच्या सुमारास सूर्य शाळेच्या पत्र्यामागे गेला. एकाने हॅलोजन लावला. गोलंदाज फाटकातून धावत आला. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, शेवटची प्रार्थना आटोपून थेट. बाह्या दुमडल्या, चेंडू हातात घेतला, लांब रनअप घेतला.

पहिलाच चेंडू वाइड, कीपरच्या हाताबाहेरचा, थेट शंकरपाळ्यांच्या डब्यात.