सूफ भरतकाम: किनार झाली, लहेर सुरू

मैत्रिणींनो, उशीच्या अभ्र्याची किनार पूर्ण झाली. चारही बाजूंनी त्रिकोणांची रांग आली आणि आता आतली लहेर, म्हणजे नागमोडी नक्षी, घेतली आहे. फोटो बघून बऱ्याच जणींनी विचारलं की हा टाका कुठला. म्हणून यावेळी टाक्याबद्दल आणि तो ज्या बायकांचा आहे त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

सूफ म्हणजे त्रिकोण. मोर असो, लहेर असो, सगळी नक्षी लहान-मोठ्या त्रिकोणांचीच. कापडावर छाप नाही, पेन्सिलची रेघ नाही, फक्त उभे-आडवे धागे मोजायचे. आणि काम करायचं कापडाच्या उलट्या बाजूने! कर्नाटकी कशिद्यातली गवंती (दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा धावदोऱ्यासारखा टाका) घालणाऱ्यांना धागे मोजण्याचं नवल नाही. पण गवंतीत जे घालतो ते डोळ्यांसमोर असतं. इथे सुलटी बाजू पलीकडे.

माझा त्रिकोण असा आहे: पहिला टाका 15 धाग्यांवर, पुढचा 13, मग 11, दोन्ही कडांनी एकेक धागा कमी करत शेवटी 1. लांब टाका सुलट्या बाजूला पडतो. कडेला पोचलं की सुई आत घ्यायची आणि लगेच शेजारच्या धाग्यातून परत बाहेर काढायची, मागून आडवा दोरा न्यायचा नाही. त्यामुळे दोरा कमी लागतो आणि उलट्या बाजूला दिसतात फक्त बारीक ठिपके. ठिपक्यांच्या दोन रांगा एकमेकींकडे झुकत जातात आणि टोकाला मिळतात, मधलं कापड कोरंच राहतं. त्या कोऱ्या जागेच्या मागे पूर्ण भरलेला त्रिकोण आहे, हे मनात धरून पुढचा मोजायचा. मूळ काम बिनपिळाच्या रेशमाचं. मी सहा पदरी सुती दोऱ्यातले दोन पदर सुटे करून, मग एकत्र धरून वापरते. तसं केलं की टाका सपाट बसतो.

हे भरतकाम सोढा राजपूत आणि मेघवाळ बायकांचं, मूळचं सिंधमधल्या थरपारकरचं. 1971 च्या युद्धात भारतीय फौजा थरपारकरमध्ये आत गेल्या होत्या. 1972 च्या सिमला करारानंतर तो मुलूख पाकिस्तानला परत द्यायचं ठरलं. तिथली अनेक हिंदू कुटुंबं घरदार सोडून कच्छ, बनासकांठा, बाडमेरकडे आली. भुजजवळच्या झुरा कॅम्पच्या नावातला ‘कॅम्प’ त्या दिवसांचा आहे. भुजच्या उत्तरेला साधारण 25 किलोमीटरवरच्या सुमरासर शेख गावातही ही कुटुंबं स्थिरावली.

शेती मागे राहिली. सोढा बायकांमध्ये पडदा कडक, बाहेर मजुरीला जाणं शक्य नाही. हातात होतं ते भरतकाम, तेही तोवर विकण्यासाठी कधी केलेलं नव्हतं. लेकीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षं भरून ठेवायच्या. गरज पडली तेव्हा कच्छमधल्या कितीतरी घरांतलं असं जपलेलं काम व्यापाऱ्यांच्या गाठोड्यात गेलं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. घरातून तुकडा एकदा गेला की त्या घरातल्या मुलीला बघून शिकायला काय उरणार?

म्हणूनच सुमरासरच्या कलारक्षा संस्थेचं काम मला फार मोलाचं वाटतं. जुडी फ्रेटर या अमेरिकन अभ्यासक आणि प्रकाश भानानी यांनी 1993 मध्ये ती सुरू केली, सुरुवात सूफ करणाऱ्या बायकांपासूनच. गावातच जुन्या भरतकामाचं संग्रहालय उभं केलं. त्यामुळे कारागीर बायकांना आपल्या समाजाचे जुने नमुने तिथेच बघायला मिळतात. कामाची किंमत ठरवण्यातही त्या स्वतः असतात. 2005 मध्ये तर कारागिरांसाठी डिझाइनची शाळाच निघाली.

काम घरी बसून करता येतं, ही यातली सगळ्यात मोठी गोष्ट. पण काम बारीक आहे. वय वाढलं, नजर कमी झाली की मोजणं जमत नाही. अशा बायका मग कापडाच्या तुकड्यांच्या जोडकामाकडे वळतात आणि कमाई चालू राहते. एखाद्या कार्यक्रमाने बायकांचा खरोखर विचार केला आहे की नाही, हे मी आता अशाच गोष्टींवरून जोखते. तरुण हातांना काम सगळेच देतात.

हस्तकलेच्या प्रदर्शनात सूफ करणाऱ्या एक मावशी भेटल्या होत्या. मी माझा तुकडा पुढे केला. त्यांनी सुलटी बाजू पाहिलीच नाही. उलटा धरला, ठिपक्यांवरून नखाचं टोक फिरवलं आणि म्हणाल्या, “सारखं पलटून बघतेस ना? बघू नकोस, मोज.” शेजारीच एक बाई त्यांच्याकडच्या बटव्याचा भाव निम्म्याने पाडून मागत होत्या. मावशी शांतपणे “नाही” म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. एक त्रिकोण भरायला किती वेळ जातो हे आपल्या हातांना कळलं, की घासाघीस करायला जीभच वळत नाही.

घेणार असाल तर तुकडा आधी उलटा करा. मशीनच्या भरतकामाच्या मागे बहुतेक वेळा बॉबिनचा पांढरा दोरा आणि चिकटवलेला कागद दिसतो. हाताच्या सूफच्या मागे ते बारीक ठिपके. कुणी केलं, तिला किती मिळाले, हेही विचारा. चांगल्या संस्थेकडे याचं उत्तर तयार असतं. आणि माझ्याकडे सूफची ‘ऑर्डर’ मागणाऱ्यांना एकच सांगते: मी हे छंद म्हणून करते, विकणार नाही. ऑर्डर द्यायची ती सुमरासरला द्या.

लहेरीसाठी लाल आणि मोहरी रंग घेतले आहेत. वळणावर दोन त्रिकोणांची टोकं एकाच धाग्यावर यावी लागतात, तिथे वेग अगदी मंदावतो. त्यानंतर मोर. त्याचे धागे चौकटीच्या वहीत मांडायला घेतले आहेत. उभे-आडवे धागे सारख्या जाडीचे असलेली काळी मॅटी (धागे मोजता येतील असं भरतकामाचं कापड) कुणाला पुण्यात मिळाली असेल तर दुकान सांगा, मला मिळालेल्या कापडात आडवे धागे जाड निघाले आणि त्रिकोण बसकट होतोय.